लग्नघरातला बंदोबस्त

भुसावळच्या प्रेमराजनानांची बारा तारांची गिटार साठ वर्षांची. मूळ पॉलिश जाईल म्हणून ते तिला कुणाला फडकंही लावू देत नसत. पुतणीने हट्ट धरला, म्हणून धुळ्याला तिच्या लग्नात नाना पहिल्यांदाच चारचौघांत वाजवणार होते.

"लगीनघर शे ते, वस्तू बदलतात. मी बंदोबस्त करून ठेवलाय," निघताना बायको सुंदरबाई म्हणाल्या.

"अगं, बदलायला अशी दुसरी गिटार खानदेशात आहे कुठे?" नाना ऐटीत हसले.

मांडवात माईक लागला, पाहुणे सरसावून बसले आणि नानांनी गिटार पिशवीतून बाहेर काढली.



तिच्या दर्शनी लाकडावर भांड्यांच्या दुकानातल्या मशीनने ठसठशीत कोरलं होतं : 'सौ. सुंदरबाई प्रेमराज पाटील, भुसावळ.'