पक्की नाव

पोरीच्या डोक्यावर तरी हंडा नको, म्हणून छबुबाईनं हट्टानं नदीकाठचं स्थळ शोधलं. वडवणीच्या एसटीतून उतरल्यावर घर बघायच्या आधी ती नदी बघायला गेली, तर पात्रात शेळ्या हिंडत होत्या आणि मधोमध मच्छीमार सहकारी संस्थेची नाव वाळूत बसली होती.

"नदी कुठाय, इवाई?"

"हीच की. जरा आटलीय," नवरदेवाचे वडील राधाकिशन म्हणाले. ते संस्थेचे चेअरमन. "पर आमची नाव बघा, लई पक्की हाय. भर पुरात घातलती, थेंब आत आला न्हाई."

"पाणी न्हाई तर नाव कावून ठिवली? चुलीला घालायची."

"असं बोलू नका ईनबाई. समद्या गावाचा जीव हाय तिच्यात."

पोर इथं द्यायची नाही, असं ठरवून छबुबाई माघारी वळली. तेवढ्यात पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत पात्रात उतरला. बायका कळश्या घेऊन नावेभोवती जमल्या. ड्रायव्हरनं पाइप ओढला, नावेत सोडला आणि बघता बघता नाव काठोकाठ भरली.

छबुबाई परत आली. खाली वाकून तिनं नावेच्या तळाजवळची वाळू चिमटीत धरून बघितली. कोरडी होती.

"नदीचं राहू द्या, इवाई," ती पदर सावरत म्हणाली. "नावेपासून तुमचं घर किती लांब?"