रोझमेरीचं तेल

"मावशी, हे तेल आजपासून बंद," नोहा म्हणाला आणि बाटली त्याने मेरीबाईंच्या समोर ठेवली.

मेरीबाई कोथिंबीर निवडत होत्या, तशाच निवडत राहिल्या. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नसल्यामुळे त्यांना वेळ लागायचा. त्यांचा मुलगा स्टीफन खुर्चीत मोबाईल बघत बसला होता. सून ग्रेस स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नोहा तिचा थोरला भाऊ.

तो राहुरीला औषधी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत कामाला होता. मागच्या खेपेला त्याने बाटलीवरचं नाव वाचलं होतं. आज तो शांतपणे समजावून सांगत होता. रोझमेरी वाईट नाही. तिच्यातल्या आम्लांनी सूज कमी होते, वाफेनं नाक मोकळं होतं, तेल पातळ करून चोळलं की गुडघ्यांना बरं वाटतं. पण त्याच तेलात कापूर असतो, आणि ज्याला फिट येते त्याला तो उलट त्रास देऊ शकतो.

"तुम्ही तीस वर्षं नर्स होता," तो म्हणाला. "तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक हुतं," मेरीबाई म्हणाल्या.

नोहाने बाटलीचं बूच घट्ट केलं.

संगमनेरजवळच्या त्या गावात मेरीबाईंच्या परसातली रोझमेरी सगळ्यांना माहीत होती. केस गळतात म्हणून बाया तेल न्यायच्या, म्हातारी माणसं सांध्यांना लावायला न्यायची. नवरा वारल्यापासून नऊ वर्षं त्या एकट्याच राहत होत्या. मग ग्रेस आली.

लग्नानंतर ग्रेस पाच महिने स्टीफनबरोबर पुण्याला राहिली. तिथून तिने नोहाला दोनदा फोन केला होता. नवीन संसारात असं होतंच, जरा दमानं घे, असं त्याने तिला समजावलं होतं. नाताळला ती सासूकडे आली तेव्हा हाताला प्लास्टर होतं. बाथरूममध्ये पाय घसरला, असं स्टीफनने सांगितलं. परत निघायच्या दिवशी तिला पहिली फिट आली.

त्याला आता चौदा महिने झाले होते. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नाही. कधी कधी निघत नाही, असं ते म्हणाले. तेव्हापासून ग्रेस फाटकाबाहेर एकटी गेली नव्हती. चर्चला सासू बरोबर, दळणाला सासू बरोबर. तिचा मोबाईल सासूच्या कपाटात. स्टीफनचा फोन आला की मेरीबाईच घ्यायच्या आणि ती झोपलीय म्हणायच्या. रोज संध्याकाळी त्या तिच्या डोक्याला तेल लावायच्या. नोहा भेटायला आला की त्या जागच्या हलायच्या नाहीत. बहिणीशी दोन शब्द एकांतात बोलता येत नाहीत, हे त्याच्या मनाला लागलं होतं. म्हातारीला सोबत हवीय, म्हणून तिने पोरीला आजारी ठेवलंय, अशी त्याची खात्री झाली होती. स्टीफनलाही ते पटलं.

"ग्रेस, बॅग भर," नोहा म्हणाला. "दाजी तुला न्यायला आलेत."

ग्रेसने आधी सासूकडे पाहिलं. ती किती घाबरलीय हे नोहाला दिसलं आणि त्याला स्वतःचाच राग आला. आपण फार आधी यायला हवं होतं.

"आठ दिवस ऱ्हाऊ दे," मेरीबाई म्हणाल्या. "तेल बंद करून बघू."

"तुझं ऐकून वर्ष गेलं, आई," स्टीफन हसून म्हणाला. त्याने ग्रेसचा दंड धरला. "चल. खूप झालं."

मेरीबाईंनी स्वतःच बॅग भरली. सुनेची वेणी घातली. मग तिच्या पाठीवर हात ठेवून तिला गाडीपर्यंत सोडायला आल्या.

स्टीफनने गाडीचं दार उघडलं आणि ग्रेस खाली कोसळली. अंग ताठ झालं, टाचा मातीत घासायला लागल्या. शेजारीपाजारी धावले. मेरीबाईंनी सगळ्यांना मागे सारलं, तिला कुशीवर वळवलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

स्टीफन लांबच उभा होता. लोक बघत होते. "अशी बाई सोसायटीत नेऊन मी काय करू?" तो म्हणाला.

नोहा पुटपुटला की तेलाचा परिणाम उतरायला वेळ लागत असेल, आपण जरा थांबू. स्टीफनने ऐकलं नाही. तो गाडीत बसला. तेवढ्यात ग्रेसने डोळे उघडले. किल्लीवरचा त्याचा हात क्षणभर थांबला. मेरीबाईंनी तिच्या तोंडावर पदर ओढला. मग गाडी सुरू झाली. नोहाही मान खाली घालून गाडीत बसला.

धूळ खाली बसल्यावर मेरीबाईंनी सुनेला उठवून घरात आणलं, दाराला आतून कडी घातली आणि तिच्या केसांतली माती झाडली.

"आज डोळे लवकर उघडलेस," त्या म्हणाल्या. "पुढच्या टायमाला गाडी वळणाआड जाईस्तवर थांबायचं."