आठवी स्लाइड

"सातच्या सात गाठी कॅन्सरच्या? मला तर एकही वाईट दिसत नाही." सूक्ष्मदर्शकावरून मान वर करत सर म्हणाले.

समोर उभी ज्युनियर डॉक्टर ॲप्रनच्या खिशात सारखं काहीतरी चाचपत होती. सकाळी लॅबमध्ये आल्यापासून तिला प्रत्येक स्लाइडमध्ये रोगच दिसत होता. तीनतीनदा पाहूनही खात्री होत नव्हती.

"तुझ्या आईची गाठ इथे तपासायला आली तेव्हापासून तुझं चित्त थाऱ्यावर नाही. घरी जा. उरलेलं मी बघतो."

"एकच उरली होती, सर. ती चांगली आहे. तसं लिहूनही टाकलंय."

"दे इकडे."

"कशाला? एका नजरेत कळलं मला."

सरांनी हात पुढेच ठेवला. शेवटी तिने खिशातून स्लाइड काढली. तिच्यावर आईचं नाव होतं.

सरांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि बराच वेळ मान वर केलीच नाही.