मागची सीट

पर्युषणात हिरव्या भाजीलाही हात न लावणाऱ्या पारसशेठनं मंचरच्या दुकानामागच्या गोडाऊनमध्ये जुनी अमेरिकन मोटार आणून तिचा स्क्रू न् स्क्रू नव्यानं बसवला. सीटचं काम निघालं तेव्हा आजीनं, उगमबाईंनी बजावलं, "चामडं असलं तर मी गाडीत पाय ठेवणार नाही."

"रेक्झिनच आहे दादी, तुझी शपथ," पारस म्हणाला आणि ती वळताच मित्राला फोनवर सांगू लागला, "अस्सल चामडं घालतोय राव. म्हातारीला काय कळतंय?"

म्हातारीचे डोळे अधू झाले होते, कान नाही. दुसऱ्या दिवशी देरासरातून दर्शन घेऊन घरी यायला तिला जरा उशीर झाला.

पुण्याहून जुन्या गाड्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आले, तेव्हा उगमबाई मागच्या सीटवर ऐटीत माळ ओढत बसल्या होत्या. पारस छाती फुगवून अस्सल चामड्याचं कौतुक सांगत होता. परीक्षकांनी सीटवर बोट फिरवलं, शिवण उलटून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "अहो, हे साधं रेक्झिन आहे."

सीट शिवणारा दादाभाऊ शेजारीच उभा होता. पारस त्याच्या अंगावर धावला. "तुला चामडं सांगितलं होतं ना?"

"व्हय शेठ, पर आजीबाईंनी माझ्या दुकानात येऊन बदलाया लावलं."

पारसनं डोळे वटारून आजीकडे पाहिलं. उगमबाईंनी हातातली माळ थांबवली नाही.

"रेक्झिन म्हणून माझी शपथ घेतलीस ना? मला अजून जगायचंय."