धावताना ऐकायचं पुस्तक

बुटांच्या नाड्या बांधून झाल्या, तरी तो दारातच उभा. एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत, आणि अंगठा मोबाइलवर वर-खाली. धावायला निघालेला माणूस असा पुस्तक निवडत बसला तर ऊन चढणारच, पण ते त्याला सांगणार कोण?

मागून टाळी वाजली. एक टाळी म्हणजे ‘इकडे बघ’. लागोपाठ दोन म्हणजे ‘आटप लवकर’. ऑपरेशन झाल्यापासून घरात एवढंच ठरलंय. भांडणाची टाळी अजून ठरायची आहे. डॉक्टरांनी बायकोचं स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. आणि आवाजावरच तर पोट होतं हो तिचं! काचेच्या खोलीत बसून ती पुस्तकं वाचायची, आणि लोक ती कानात घालून भांडी घासायचे, गाडी चालवायचे, झोपी जायचे.

सगळे ऐकायचे, नवरा सोडून. हा धावताना खुनाच्या गोष्टी ऐकायचा, कुणा जाड्याभरड्या आवाजाच्या बुवाने वाचलेल्या. “कुणीतरी मागे लागल्याशिवाय माझे पाय उचलत नाहीत,” म्हणायचा. बायकोचं एखादं पुस्तक ऐकून बघ, असं कुणी सुचवलं की याचं उत्तर तयार: “घरी दिवसभर तिचीच टेप चालू असते. निदान धावताना तरी सुटका!” पाहुणे हसायचे. रिकामे कप उचलता उचलता तीही हसायची.

आता मात्र रोज तीच कानात. पहिल्या पुस्तकापासून ओळीने, एकही न गाळता. धावणंही लांबत चाललं होतं. परत यायचा तो कुणाला तरी भेटून आल्यासारखा चेहरा घेऊन. ती बघायची आणि गप्प बसायची. दुसरं करणार काय?

“अगं, निघालोच,” तो म्हणाला. “तुझं एकच राहिलंय बघ. शेवटचं. लावू की नको, तेच ठरेना. हे संपलं की मग...”

ती हात पुसत पुढे आली. त्याच्या हातून मोबाइल घेतला, पुस्तकाचं चित्र पाहिलं, आणि टेबलावरची लेकीची जुनी पाटी ओढली. फोनवर टाइप करणं तिला येतं, पण नको असतं. अक्षर तरी माझं असू दे, म्हणते. म्हणजे, लिहिते.

‘हे नको.’

“का? रटाळ आहे?”

तिने नाही म्हणून मान हलवली. पाटीवर खाली आणखी लिहिलं.

‘पहिलंच लाव परत. तेव्हा बरी वाचायचे.’

“तू कायमच बरी वाचायचीस. मलाच अक्कल उशिरा आली.” त्याने मोबाइल परत घेतला. “हे बघ की, लोकांनी खाली काय काय लिहिलंय. आवाज काय मुरलाय म्हणे! ‘बाईंच्या आवाजाला वजन आलंय.’ ‘काय ती सुंदर खरखर...’”

वाचता वाचता तो थांबला. तिने गळ्यावरचा रुमाल सारखा केला.

“तेव्हापासून दुखत होता घसा?”

तिने पाटी पुसली, लिहिलं, आणि त्याच्यासमोर धरली. ‘बोलून बोलून बसला असेल, असं वाटलं. तू नको ऐकूस. उगाच मनाला लावून घेशील.’

“बरं बाई, पहिलंच लावतो,” तो म्हणाला. तिने लागोपाठ दोन टाळ्या वाजवल्या आणि त्याला दाराबाहेर ढकललं.

कोपऱ्यावरच्या बंद दुकानापाशी त्याने शेवटचं लावलं.

पहिल्या प्रकरणात काही कळलं नाही. ती छान वाचत होती, तो छान धावत होता. शाळेची भिंत मागे पडली, पूल आला. मग वाक्यांच्या टोकाला आवाज घासायला लागला. खोकला असेल तो स्टुडिओवाल्यांनी कापून टाकला होता. खरखर कशी कापणार? ती वाक्य धरायची, मध्येच आवाज निसटायचा, ती पुन्हा धरायची आणि शेवटापर्यंत न्यायची. रोज डोळ्यांसमोर असणारं माणूस सुकत चाललेलं कळत नाही म्हणतात. खरं असेल. पण पुस्तकं तेव्हाच, निघतील तशी ऐकली असती, तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं की या बाईला बरं नाही. वर्षभर तरी आधी कळलं असतं. आणि तेव्हा हा कानात खुनी आणि पोलीस घालून याच पुलावरून धावत होता, बायकोपासून सुटका म्हणून.

एका लांबलचक वाक्यात तिचा आवाज पार बसला. नुसती हवा आली. एक आवंढा ऐकू आला. एवढा तुकडा कापायचा राहून गेला असावा. आणि तिने तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

त्याचे पाय थांबले. पुलाच्या मधोमध, दोन्ही हात कानांवर दाबून, तो मोठ्याने म्हणाला, “अगं, पुरे कर आता. ऊठ तिथून. उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखवू.”

समोरून कुत्रा घेऊन येणारी बाई पट्टा आखडून बाजूला झाली.

कानात, तिने पुढचं प्रकरण वाचायला घेतलं.