राजाबाई नावाचं झाड

सिडकोत घरं वाढत होती आणि पाणी मात्र होतं तेवढंही उरलं नव्हतं. टँकरची वाट बघत ड्रमपाशी बसायचं काम सूर्यभानकडं होतं. तो तिथून सटकून कोपऱ्यावरच्या अझहरच्या नेट कॅफेत जायचा. तिथं त्याला एक नवलाची वेबसाईट सापडली होती. पडद्यावर झाड लावायचं, त्याला नाव द्यायचं आणि माऊसनं रोज पाणी घालायचं. चुकलं की झाड वाळलंच. त्यानं बायकोचं नाव दिलं, राजाबाई.

एकदा त्या नादात टँकर येऊन गेला. "आज आलाच नाय गं," त्यानं ठोकून दिलं. राजाबाईनं शेजारून कळशीभर पाणी मागून आणलं. ते काही त्याच्या घशाखाली उतरेना. मग आठवडाभर तो ड्रम सोडून हलला नाही.

शेवटी वाळलेल्या झाडाला भेटून यावं म्हणून कॅफेत गेला, तर झाड हिरवंगार! "अझहरभाई, ह्याला पाणी कोण घालतंय?"

"भाभी येतात ना रोज. त्या दिवशी टँकर आला म्हणून तुम्हाला बोलवायला आल्या होत्या. मी हळूच झाडाचं नाव सांगितलं, तर हाक न मारता दारातच तुमच्याकडं बघत उभ्या राहिल्या.



टँकर गेला तरी हलल्या नाय."