बाविसावी कादंबरी

माझ्या बायकोकडे, विमलकडे, तिच्या आवडत्या लेखिकेच्या एकवीस गूढ प्रेमकादंबऱ्या होत्या. "बाविसावी वाचायची राहिली," असं ती हे जग सोडून जाताना म्हणाली.

वर्षभर शोधल्यावर ती कादंबरी मला राजपुऱ्यात रद्दीवाल्याकडे मिळाली.

"काका, या उमरमध्ये भुताची लवस्टोरी?" तो हसला. "घेऊन जा. कोणी उघडलीच नाही."

खरंच, पानांच्या कडा छापखान्यातून आल्या तशाच जोडलेल्या होत्या.

घरी मी सुरीने पहिली पानं सोडवली. आत एका ओळीखाली नखाची रेघ होती. आवडलेल्या ओळीला विमल अशीच रेघ ओढायची.

पुढची पानं कापली. तिथेही रेघ होती.

मग न कापलेल्या पानांतून कागदावर नख सरकल्याचा आवाज आला.

"अगं, हळू वाच," मी म्हणालो. "मलाही येऊ दे."

आवाज थांबला.